सारखा मुरगळणारा घोटा: शेवटी काय लागू पडलं

सपाट रस्त्यावरही माझं उजवं पाऊल आतल्या बाजूला वळून घोटा मुरगळायचा. सूज उतरायची, पण उकिडवं बसलं की घोट्याच्या पुढच्या बाजूला काहीतरी अडायचं. ही खूण मी दोन वर्षं मनावर घेतली नाही.

क्रेप बँडेज, शेक, आईचा आंबेहळदीचा लेप, सगळं करून झालं. इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत तिसऱ्यांदा पडले तेव्हा रडूच आलं.

इंदूरच्याच फिजिओथेरपिस्ट ताईंनी आधी मोजमाप घेतलं. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. डाव्या पायाचा अंगठा भिंतीपासून 11 सेंमीवर असताना जमलं, उजव्याचा जेमतेम 6. गुडघा पुढे नेताना घोट्यातलं टॅलस हाड मागे सरकत नव्हतं.

त्यांनी मला उजवा पाय पुढे टाकून उभं केलं. टॅलस हाताने मागे दाबून धरलं, नडगीच्या खालच्या भागाला पट्टा लावून तो पुढे ओढला आणि मला गुडघा हळूहळू पुढे न्यायला सांगितलं. 10 वेळा, दुखलं की थांबायचं. न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांची ही पद्धत.

त्यानंतर लगेच, सांधा मोकळा असतानाच, एका पायावर 30 सेकंद तोल, जमल्यावर उशीवर. मग रबरी पट्ट्याविरुद्ध पाऊल बाहेर वळवणं. नुसतं मोबिलायझेशन, म्हणजे ताईंनी हाताने सांधा मोकळा करणं, एवढंच करून घरी गेले तेव्हा फरक टिकला नाही, म्हणून हा क्रम मोडू नका.

सहा आठवड्यांनी उजवा 10 सेंमी. ताज्या दुखापतीत मात्र आधी हाड मोडलं नाही ना, ते तपासून घ्या.