टूर कंपनीशिवाय चीन: या चुका टाळा

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत आणि चीनदरम्यानची थेट विमानं पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून ‘आपलं आपण जाऊन येता येईल का?’ हा प्रश्न वरचेवर कानावर येतो. येतं, आणि उत्तम येतं. मेट्रो चकाचक, पाट्या इंग्रजीतही, रात्री उशिरा हॉटेलवर चालत परतायची भीती नाही. मात्र तिथला जवळपास प्रत्येक व्यवहार पासपोर्टच्या नंबराला आणि मोबाइलला बांधलेला आहे. अडचण तिथे पोचल्यावर समोर येते, पण तिचं मूळ घरी राहून गेलेल्या कामात असतं.

व्हिसा आणि हाँगकाँगचा फेरा

‘चीनमध्ये व्हिसाशिवाय दहा दिवस’ अशा व्हिडिओंवर जाऊ नका. ते २४० तासांच्या ट्रान्झिट सवलतीबद्दल, म्हणजे तिसऱ्या देशात जाताना वाटेत थांबणाऱ्यांच्या सवलतीबद्दल असतात, आणि ती मिळणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. आपल्याला आधी व्हिसा काढावाच लागतो.

खरी चूक पुढची आहे. शांघायहून शेनझेन, तिथून दोन दिवस हाँगकाँग, मग परत ग्वांगझूला येऊन विमान, हा बेत कागदावर अगदी सरळ वाटतो. पण हाँगकाँगमध्ये शिरताना तुम्ही चीनच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडता आणि एकदाच प्रवेशाचा व्हिसा तिथेच संपतो. परत यायचं असेल तर अर्ज करतानाच दोन प्रवेशांचा व्हिसा मागा, नाहीतर हाँगकाँग सहलीच्या शेवटी ठेवा आणि तिथूनच घरी या. हाँगकाँगसाठी भारतीयांना वेगळी ऑनलाइन पूर्वनोंदणी लागते. ती फुकट आहे, पण केल्याशिवाय निघू नका.

तारखा

आपल्या शाळांना मे महिन्यात सुट्टी, म्हणून बरीच कुटुंबं मेच्या पहिल्या आठवड्याची तिकिटं काढतात. १ ते ५ मे ही चीनमधली कामगार दिनाची सुट्टी, आणि अख्खा देश बाहेर पडलेला असतो. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा तर त्याहून गर्दीचा. चिनी नववर्षाच्या दिवसांत गावी जाणाऱ्यांनी गाड्या भरून वाहतात. दिवाळीची सुट्टी मात्र ऑक्टोबरच्या त्या गर्दीनंतर येते. ऑक्टोबर उतरताना बीजिंगची हवा कोरडी आणि थंडी सोसवेल अशी असते. निवड हातात असेल तर मी डोळे मिटून दिवाळीच सुचवेन.

फोन आणि पैसे

गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम यांतलं काहीही तिथल्या नेटवर उघडत नाही. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग असेल तर डेटा आपल्या कंपनीमार्फत फिरून येतो आणि सगळं चालतं. हॉटेलच्या वाय-फायवर गेलात की पुन्हा बंद. हॉटेलचं बुकिंग फक्त जीमेलमध्ये ठेवणं म्हणजे रिसेप्शनसमोर हात हलवत उभं राहणं. प्रिंट काढा. हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी लिपीतही जवळ ठेवा, कारण टॅक्सीवाल्याला इंग्रजी पत्ता दाखवून बहुधा उपयोग होत नाही. गूगलचा नकाशा तिथे रस्ते आणि जागा सरकलेल्या दाखवतो. आयफोन असेल तर ॲपलचा नकाशा वापरा, नाहीतर ‘एमॅप’ उतरवून घ्या.

पैशांच्या बाबतीत यूपीआयची सवय घरी ठेवून जा. तिथे अलीपे किंवा वीचॅट पे लागतं, आणि त्यात व्हिसा, मास्टरकार्डची परदेशी कार्डं जोडता येतात. हे काम विमानतळावर उतरून करायचं नाही. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. कार्ड जोडताना येणारा ओटीपी भारतीय नंबरावर येतो, म्हणून ते सिम काढून ठेवू नका. पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवणं घरीच, सावकाश उरकून घ्या. शक्यतो दोन वेगळ्या बँकांची कार्डं जोडा. २०० युआनच्या वरच्या खरेदीवर ३ टक्के शुल्क लागतं, तेही हिशेबात धरा.

एवढं करूनही थोडे सुटे युआन खिशात हवेत. हातगाडीवाल्याचा क्यूआर कोड कधी त्याच्या वैयक्तिक खात्याचा असतो आणि परदेशी कार्डावरून तिथे पैसे जात नाहीत. अशा वेळी शंभराची नोट काढली तर त्याच्याकडे परत द्यायला सुटे असतीलच असं नाही. दहा-वीसच्या नोटा ठेवा.

रेल्वे: सगळ्यात जास्त गोंधळ इथे

बीजिंग ते शांघाय १,३१८ किलोमीटर, आणि वेगवान गाडी साधारण साडेचार तासांत पोचवते. ही गाडी चुकण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, स्टेशन. मोठ्या शहरात तीन-चार स्टेशनं असतात आणि नावाच्या शेवटी दिशा लागते: बेई म्हणजे उत्तर, नान दक्षिण, दोंग पूर्व, शी पश्चिम. शांघायच्या गाड्या बहुतेक बीजिंग नानवरून सुटतात. नुसतं ‘बीजिंग’ वाचून दुसऱ्या स्टेशनवर गेलात तर गाडी गेलीच समजा. शिआनच्या वेगवान गाड्याही मुख्यतः शहराच्या उत्तरेला असलेल्या शिआन बेईवर येतात, तटबंदीलगतच्या जुन्या स्टेशनवर नव्हे.

त्याहून फसवं म्हणजे इंग्रजी स्पेलिंग. याच बीजिंग-शांघाय मार्गावर ‘सुझोऊ दोंग’ आणि ‘सुझोऊ बेई’ अशी दोन स्टेशनं आहेत. पहिलं आनह्वे प्रांतात, दुसरं च्यांगसू प्रांतात, आणि त्यांच्यात शेकडो किलोमीटरचं अंतर. बागा आणि कालवे पाहायचे असतील तर तुम्हाला दुसरं हवंय. दोन्ही शहरांची नावं चिनी लिपीत वेगळी लिहितात, इंग्रजीत मात्र अगदी सारखी. तिकीट काढताना प्रांत आणि प्रवासाचा वेळ बघा, चूक लगेच लक्षात येईल.

दुसरं कारण नाव आणि पासपोर्ट. तिकीट कागदावर नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही छापलेलं असतं. बुकिंगमध्ये ते गाळू नका, जसं छापलंय तसं भरा. मधल्या काळात पासपोर्ट नवा केला असेल तर जुन्या नंबरावरची तिकिटं सुधारून घ्या. रेल्वेच्या १२३०६ या ॲपवर विक्री साधारण १५ दिवस आधी खुली होते. त्याआधी दुसऱ्या ॲपवर केलेलं बुकिंग ही फक्त मागणीची नोंद असते, तिला पक्कं तिकीट धरून पुढची हॉटेलं बांधू नका.

तिसरं कारण वेळ. आपल्यासारखं धावत जाऊन डबा पकडणं तिथे जमत नाही. स्टेशनात शिरतानाच पासपोर्ट तपासतात, मग सामान एक्स-रेमधून जातं, आणि प्लॅटफॉर्मचं गेट गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी बंद होतं. ज्या गेटवर आपला पासपोर्ट वाचला जात नाही, तिथे कडेला कर्मचारी असतो, सरळ त्याच्या रांगेत उभं राहा. एक तास हाताशी ठेवा. फळं कापायची सुरी आणि मोठा बॉडी स्प्रे पिशवीत असेल तर तिथे काढून घेतात.

फॉरबिडन सिटी

बीजिंगमधल्या या जुन्या राजवाड्याचं तिकीट दारावर मिळत नाही. ७ दिवस आधी, चिनी वेळेप्रमाणे रात्री ८ वाजता, पासपोर्ट नंबरावर विक्री सुरू होते. भारतात तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. एरवी सोमवारी बंद. तिआनमेन चौकात जायलाही वेगळी नोंदणी लागते, हे बहुतेकांना ऐनवेळी कळतं.

जेवण

शाकाहारी माणूस चीनमध्ये उपाशी राहतो, हे मला अजिबात मान्य नाही. फसवतात ते भाजीसारखे दिसणारे पदार्थ. मापो टोफूत खिमा असतो, वांग्याच्या भाजीतही बऱ्याचदा असतो, आणि तळण डुकराच्या चरबीतलं असू शकतं. ‘मांस, मासे, अंडी, चरबी नको’ हे वाक्य चिनी लिपीत फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डर द्यायच्या आधी दाखवा. बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी हॉटेलं शोधा. पारंपरिक बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, जैन कुटुंबांना याचा मोठा आधार वाटेल, फक्त कंदमुळं विचारून घ्या. आणि संध्याकाळी सात वाजता जेवा, लहान शहरांत नऊला स्वयंपाकघर बंद झालेलं असू शकतं.

आणखी काही

चीनमधल्या देशांतर्गत विमानात २८ जून २०२५ पासून ‘थ्री-सी’ (CCC, चीनच्या सक्तीच्या सुरक्षा प्रमाणपत्राची) खुणेशिवाय पॉवर बँक नेता येत नाही. भारतातून नेलेल्या बऱ्याच पॉवर बँकांवर ही खूण नसते, तेव्हा आधी उलटून बघा.

मित्राच्या घरी उतरलात तर २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस चौकीत नोंद करावी लागते. हॉटेलात ते काम हॉटेल करतं.

तिबेटला स्वतंत्रपणे जाता येत नाही. वेगळा परवाना लागतो, तो एजन्सीमार्फतच मिळतो आणि गाइड सोबत असावा लागतो. परवान्याशिवाय ल्हासाच्या गाडीत चढूही देत नाहीत, म्हणून त्या गाडीचं तिकीट काढण्याआधी एजन्सीशी बोला.