विंडोज अपडेटनंतर कॉम्प्युटर रुसला? या चुका टाळा

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजचे सुरक्षा अपडेट सोडते. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, त्यामुळे तक्रारी सुरू होतात बुधवारी. आवाज गेला, प्रिंटर ऑफलाइन, वाय-फाय गायब. यातले बरेचसे मागे फिरवता येते, पण घाईघाईत मागे फिरायची वाट आपणच बुजवतो.

सी ड्राइव्ह लगेच साफ करणे. विंडोज 11 च्या 23एच2 व्हर्जनवरून 24एच2 वर अशी मोठी उडी मारली की जुनी विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते, एरवी 10 दिवस. तेवढ्यात सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे जाऊन ‘गो बॅक’ केले की जुने व्हर्जन परत येते. पण ड्राइव्ह भरलेला दिसला की लोक डिस्क क्लीनअपमध्ये ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर टिक करून मोकळे होतात. मग कसले ‘गो बॅक’! पहिले 10 दिवस तरी त्या फोल्डरला हात लावू नका.

दरमहा येणाऱ्या छोट्या अपडेटची गोष्ट वेगळी. ते विंडोज अपडेटच्या ‘अपडेट हिस्ट्री’तून अनइन्स्टॉल होते. काढल्यावर अपडेट आठवडाभर ‘पॉज’ करा, नाहीतर तेच पुन्हा येऊन बसेल. विंडोज सुरूच होत नसेल, तर दोन-तीनदा अर्धवट बूट झाल्यावर ती बहुधा स्वतःच रिपेअरच्या स्क्रीनवर जाते. तिथल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्येही ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे.

निळा स्क्रीन दिसला की फॉर्मॅट. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जुलै 2024 च्या अपडेटनंतर काही कॉम्प्युटर सुरू होतानाच बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) 48 अंकी ‘रिकव्हरी की’, म्हणजे किल्ली, मागू लागले होते. लोकांना वाटते व्हायरस आला. खरे तर डेटा जागेवरच असतो, फक्त कुलूपबंद. ही की बहुतेकदा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप सेट केला, त्या अकाउंटमध्ये सापडते. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून लॉगिन करा आणि स्क्रीनवरचा ‘की आयडी’ जुळवून योग्य की निवडा. दुकानदारानेच कुठल्यातरी ईमेलने सेटअप करून दिला असेल, तर आधी तो ईमेल कोणता ते त्याला विचारा. फॉर्मॅट मारल्यावर की सापडूनही उपयोग नाही. कॉम्प्युटर नीट चालतोय तोवरच ती कागदावर उतरवून घ्या, लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नका.

प्रत्येक एरर मनावर घेणे. जानेवारी 2024 मध्ये विंडोज 10 चे केबी 5034441 (‘केबी’ म्हणजे त्या अपडेटचा क्रमांक) हे अपडेट अनेकांकडे 0एक्स80070643 असा कोड दाखवून अडकत होते. कारण, रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या साधनांसाठी राखलेल्या डिस्कच्या भागात, 250 एमबी मोकळी जागा नव्हती. कॉम्प्युटर एरवी ठणठणीत. तरीही व्हिडिओ बघून पार्टिशन कापायला बसणारे कमी नव्हते, तेही बॅकअप न घेता! आधी केबी क्रमांक टिपा आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘रिलीज हेल्थ’ पानावर तो दोष नोंदवलेला आहे का ते पाहा. असेल तर पुष्कळदा वाट बघणे हाच उपाय.

शटडाउन करून पुन्हा चालू केले म्हणजे रीस्टार्ट झाला, हाही गैरसमज. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. मेनूतून ‘रीस्टार्ट’च निवडा. आवाज गेला असेल तर ड्रायव्हरच्या (स्पीकर, प्रिंटर वगैरे चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) मागे लागण्याआधी आउटपुट स्पीकरऐवजी मॉनिटरवर तर गेले नाही ना, ते बघा. तिथे सगळे ठीक असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून पाहा.

‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असली फुकट सॉफ्टवेअर टाकू नका. आणि स्क्रीनवर ‘या नंबरवर लगेच फोन करा’ असे आले तर तो टॅब बंद करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतो.