कोचचं चॅलेंज: कधी घ्यायचं, कधी गप बसायचं

शाहू स्टेडियमवर लीगची मॅच चालूय, बॉक्समधे बॉल डिफेंडरच्या हाताला लागलेला अख्ख्या गॅलरीला दिसला आणि पंचांना तेवढा दिसला नाही, की पुढं काय होतं ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. कोच लाईनवर येऊन बोंबलणार, चौथा पंच त्याला मागं सरकवणार, गॅलरी पंचांच्या घरादाराची चौकशी करणार आणि मॅच पुढं चालू. कोचला करण्यासारखं काहीच नसतं. पण आता काही ठिकाणी आहे, म्हणून हे लिहालोय.

फिफानं एफव्हीएस म्हणजे फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट नावाची भानगड काढलीय. 2024 ला कोलंबियात मुलींचा 20 वर्षांखालचा वर्ल्डकप झाला तिथं वापरली, त्याच वर्षी डॉमिनिकन रिपब्लिकमधे 17 खालच्या मुलींच्या वर्ल्डकपला वापरली, आणि 2025-26 पासून इटलीच्या तिसऱ्या डिव्हिजनला, सेरी सी ला पण आलीय. व्हीएआर म्हणजे मोठ्या लीगमधली व्हिडिओ बघून पंचांना मदत करायची पद्धत, तिला वेगळी व्हिडिओ रूम, तिथं बसायला वेगळे पंच, ढीगभर कॅमेरे, एवढा खर्च छोट्या लीगला कुठनं परवडणार, म्हणून हा स्वस्तातला मार्ग. यात वर बसून कोण बघत नसतं. कोचनं मागितलं तर मैदानावरचा पंच स्वतः मॉनिटरवर जाऊन बघतो आणि तोच ठरवतो.

मागायचं कसं? कोचनं बोट हवेत गोल फिरवायचं आणि चॅलेंजचं कार्ड चौथ्या पंचाकडं द्यायचं. एका टीमला मॅचला दोन संधी. निर्णय बदलला तर संधी शिल्लक राहते, नाही बदलला तर गेली, डीआरएससारखंच. आणि मागायच्या गोष्टी पण चारच, गोल झाला की नाही, पेनल्टी होती की नाही, थेट रेड कार्ड, आणि एकाचं कार्ड दुसऱ्याला दाखवलंय का. कॉर्नर कुणाचा, थ्रो कुणाचा, सेंटरला कुणी कुणाची जर्सी ओढली, यावर चॅलेंज नाही. म्हणजे आपल्याकडं ज्या गोष्टींवर सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो त्यातल्या निम्म्या इथंच बाद झाल्या बघा.

नियम एवढाच आहे, पाच मिनिटांत पाठ होतो. वापरायचं कसं ही खरी कला आणि ती शिकायची तर अमेरिकेच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलकडं बघावं लागतं. तो फुटबॉल आपला नव्हे, बॉल हातात घेऊन पळतात त्याला फुटबॉल कसं म्हणायचं हा वाद कट्ट्यावर घाला, पण तिथले कोच 1999 पासून चॅलेंज घ्यालेत, त्यांनी सगळ्या चुका करून ठेवल्यात आणि आपल्याला फुकटात शिकायला मिळतंय तर शिकून घ्यावं.

तिथं कोच खिशातला नाहीतर मोज्यात खोचलेला लाल फ्लॅग मैदानात फेकतो. दोन चॅलेंज असतात, त्यातलं एक जरी बरोबर आलं तर तिसरं मिळतं (2024 च्या आधी तिसऱ्यासाठी दोन्ही बरोबर यायला लागायची). पण चुकलं तर एक टाइमआउट जातो, आणि अर्ध्या मॅचला टाइमआउट असतात तीनच. शेवटच्या दोन मिनिटांत घड्याळ थांबवायला तोच टाइमआउट लागतो, तेव्हा त्याची किंमत कळते. म्हणून शहाणा कोच आधी विचारतो, निर्णय फिरला तर मला मिळणार काय? मैदानाच्या मधल्या सहा यार्डांसाठी पहिल्याच क्वार्टरमधे फ्लॅग फेकणारा कोच म्हणजे पहिल्या ओव्हरला रिव्ह्यू उडवणारा बॉलर.

दुसरं म्हणजे कोच स्वतःच्या डोळ्यांवर विसंबत नाही. तो लाईनवर उभा, समोर दोन-दोन मणाची माणसं, त्याला बॉल पण धड दिसत नाही. वर बूथमधे त्याचे असिस्टंट रिप्ले बघत असतात आणि हेडसेटवर सांगतात, फेक नाहीतर थांब. यात वेळेची मारामारी आहे कारण पुढचा डाव सुरू झाला की चॅलेंज संपलं. समोरच्या टीमला कळतं की आपल्याला फुकटचं मिळालंय, मग ते पळत जाऊन लाईन लावतात आणि बॉल खेळून मोकळे होतात. समोरचा विनाकारण घाई कराय लागला की समजायचं, काहीतरी शिजतंय.

आणि राग. 22 नोव्हेंबर 2012 ला डेट्रॉइटमधे काय झालं बघा. ह्यूस्टनचा जस्टिन फोर्सेट पकडला गेला, गुडघा जमिनीला टेकला, म्हणजे डाव तिथंच संपायला पाहिजे होता, पण शिट्टी वाजली नाही, गडी उठला आणि 81 यार्ड पळून टचडाऊन, म्हणजे त्यांच्यातला गोलच. स्कोअर झाला की रिप्ले तिथं आपोआपच बघतात, डेट्रॉइटचा कोच जिम श्वार्ट्झ गप उभा राहिला असता तरी टचडाऊन रद्द झालंच असतं. पण त्यानं भडकून फ्लॅग फेकला. तेव्हाचा नियम असा की जिथं चॅलेंज चालत नाही तिथं फ्लॅग टाकला तर 15 यार्डांचा दंड आणि वर रिव्ह्यूच रद्द. टचडाऊन राहिलं, डेट्रॉइट एक्स्ट्रा टाइममधे 34-31 नं हरलं. नियम नंतर बदलला, पण त्या दिवसाचा काय उपयोग! आपल्या पेठांतले काही कोच मला लगेच डोळ्यांसमोर आले, नावं घेत नाही, गल्लीतनं जायला लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅमेऱ्याला जे दिसतं त्याचं चॅलेंज घ्या, पंचाच्या मताचं घेऊ नका. जानेवारी 2019 ला न्यू ऑर्लिन्सच्या मॅचमधे पास घेणाऱ्याला बॉल यायच्या आधीच उडवला, पंच गप्प, देशभर दंगा झाला, म्हणून पुढच्या सीझनला असल्या फाऊलवर पण चॅलेंज चालू केलं. एका सीझनमधे गुंडाळलं, कारण धक्का किती जोराचा हे रिप्लेत बघून पण ज्याचं त्याचं मतच राहतं. आपल्या फुटबॉलमधे पण तेच. बॉल गोललाईनच्या आत गेला का, फाऊल बॉक्सच्या आत झाला की बाहेर, कार्ड भलत्यालाच दाखवलं का, हे घ्या डोळे झाकून. किंचित धक्का लागला, हात नैसर्गिक होता का नव्हता, इथं जपून. ऑफसाईडला पण जपून, कॅमेरे मोजके असतात आणि त्यातला एकही लाईनच्या सरळ रेषेत नसला तर पंचाला काहीच ठरवता येत नाही, मग पहिला निर्णयच कायम. म्हणून मॅचच्या आधी कॅमेरे कुठं लावलेत ते फिरून बघून यायचं.

बेंचवर एकच माणूस ठरवून ठेवा, शांत डोक्याचा, राखीव गोलकीपर असला तर उत्तम, त्याला मॅचभर बॉक्सवरच नजर ठेवायचं काम. आणि पोरांचं ऐकायचं पण सगळ्यांचं नाही. फक्त कॅप्टन आणि गोलकीपर. स्ट्रायकर पडला की त्याच्या मते ती पेनल्टीच असते, आमच्याकडं तर पडायच्या आधीपासून असते. त्याला "फाऊल होता काय?" असं विचारूच नका, "कुठं लागलं, पाय आत होता का बाहेर?" असं विचारा. थेट उत्तर आलं तर कार्ड द्या, "घ्या ओ कोच, घ्या" एवढंच आलं तर बसा खाली.

प्रॅक्टिस मॅचला हे करून बघायला एफव्हीएस लागत नाही. गॅलरीत दोन मोबाईल लावा, दोन्ही टीमना दोन-दोन चॅलेंज द्या आणि मॅच झाल्यावर किती बरोबर आली बघा, कोचचा माज उतरतो. दुसरी संधी मात्र होईल तेवढी शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखायची, पहिल्या हाफमधे दोन्ही घालवून बसलात तर 85 व्या मिनिटाच्या पेनल्टीला नुसतं बोट फिरवून काय होणार?

आणि पंच मॉनिटरवर बघत असताना तिकडं कुणी फिरकायचं नाही, खेळाडू नाही, मॅनेजर नाही, तालमीचा, म्हणजे आपल्याकडं क्लबचा, अध्यक्ष तर नाहीच नाही, त्या जागेत घुसलं की यलो कार्ड मिळतं.