दोन विमानतळांमधले अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

अंतर काढण्यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश लागतात, आणि ते शहराचे नव्हे तर विमानतळाचेच घ्यावेत. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून नुसते ‘मुंबई’ म्हणून भागत नाही. मुंबईचा सांताक्रूझ-अंधेरीकडचा जुना विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व येथे, तर दिल्लीचा २८.५७ अंश उत्तर, ७७.१० अंश पूर्व येथे आहे. अक्षांशांतला फरक ९.४८ अंश असून दर अंशाला १११ किलोमीटर धरल्यास तो १,०५२ किलोमीटर भरतो. रेखांशांतला फरक ४.२३ अंशांचा आहे; मात्र रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत जात असल्याने त्याला १११ ने गुणून पुन्हा सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे येथे ०.९१५ ने, गुणावे लागते आणि ४३० किलोमीटर मिळतात. दोन्ही संख्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे १,१३७ किलोमीटर येते. मुंबई–न्यूयॉर्कसारख्या लांब पल्ल्याला ही रीत चालत नाही. तेथे पृथ्वीचा गोलाकार धरणारे सूत्रच वापरावे.

वेळेचे गणित मात्र नुसत्या भागाकाराने सुटत नाही. ए३२० जातीचे विमान उंचीवर ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने जाते, त्या हिशेबाने दिल्ली ८२ मिनिटांवर येते. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपासची वेळ छापलेली असते. कारण ती वेळ धावपट्टी सोडल्यापासून नव्हे, तर विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दिल्लीत पुन्हा उभे राहीपर्यंतची असते. चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो, हवाई मार्ग सरळ रेषेत नसतो, आणि मुंबईच्या जुन्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते, त्यामुळे रांग ठरलेलीच. म्हणून भागाकाराच्या उत्तरात देशांतर्गत प्रवासासाठी पाऊण तास तरी मिळवावा, असे माझे मत आहे. हिवाळ्यात दिल्लीत धुके असेल, तर कोणताच हिशेब टिकत नाही.

पूर्व-पश्चिम प्रवासात वाऱ्याचाही विचार करावा लागतो. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात, त्यामुळे सुमारे १,९३० किलोमीटरवरच्या दुबईला जाताना परतीपेक्षा जास्त वेळ लागतो. शिवाय तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्याने, दुपारी चारला सुटून पावणेसहाला पोचणारे विमान प्रत्यक्षात पावणेदोन नव्हे, सव्वातीन तास घेते. परतीच्या तिकिटावर दिसणाऱ्या फरकातून हाच दीड तास वजा करावा.