एक राउटर बंद पडला तरी नेट चालू: दोन लिनक्स राउटरवर सामाईक गेटवे

नेटवर्कमधल्या प्रत्येक संगणकाला डिफॉल्ट गेटवेचा (नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरचा) एकच पत्ता दिलेला असतो. तो राउटर गेला की शेजारी दुसरा चालू असूनही उपयोग नसतो, कारण त्याचा पत्ता कोणाकडेच नसतो. व्हीआरआरपी प्रोटोकॉलमध्ये दोन राउटर मिळून तिसरा, व्हर्च्युअल पत्ता सांभाळतात: मास्टर त्या पत्त्यावर काम करतो, बॅकअप मास्टरच्या हजेरीवर, म्हणजे तो ठरावीक वेळाने पाठवत असलेल्या ‘जाहिरात’ संदेशांवर, नजर ठेवतो. इथे डेबियन किंवा उबुंटू आणि कीपअलाइव्हडी हे सॉफ्टवेअर धरले आहे.

पायरी १. सध्याचा गेटवे १९२.१६८.१०.१ असेल तर तोच पत्ता व्हर्च्युअल करा. जुन्या राउटरला .२ द्या, नव्याला .३. असे केले की डीएचसीपीमध्ये (संगणकांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेत) आणि संगणकांवर काहीच बदलावे लागत नाही. .२ आणि .३ डीएचसीपीच्या वाटपातून मात्र वगळा.

पायरी २. दोन्हींवर कीपअलाइव्हडी बसवा आणि आयपी फॉरवर्डिंग (एका बाजूने आलेली पॅकेट दुसऱ्या बाजूला पाठवणे) चालू करा. नॅट (आतल्या पत्त्यांऐवजी सार्वजनिक पत्ता लावणे), फायरवॉल आणि रूटचे नियम दोन्हीकडे तंतोतंत सारखे हवेत. बॅकअपवर नॅटचा नियम राहून गेला तर व्हर्च्युअल पत्त्याला पिंग लागतो, पण इंटरनेट चालत नाही.

पायरी ३. दोन्ही कॉन्फिगरेशन फाइलींत लॅनचा इंटरफेस, व्हर्च्युअल राउटर आयडी (समजा ५१), जाहिरातीचा अवधी १ सेकंद आणि व्हर्च्युअल पत्ता एकसारखा लिहा. प्रायॉरिटी पहिल्याला १५०, दुसऱ्याला १००. स्टेट (सुरुवातीची भूमिका) दोन्हीकडे बॅकअपच ठेवा. मास्टर कोण हे प्रायॉरिटी ठरवते. त्याच व्हीलॅनवर (स्विचवर वेगळ्या काढलेल्या नेटवर्कवर) ५१ आधीच कोणी वापरत नाही ना, हे तपासा.

पायरी ४. फायरवॉलमध्ये आयपी प्रोटोकॉल क्रमांक ११२ आणि मल्टिकास्ट पत्ता २२४.०.०.१८ मोकळा करा. हा टीसीपी किंवा यूडीपीचा पोर्ट नव्हे, म्हणून पोर्ट ११२ उघडून काही होत नाही. जाहिराती अडल्या तर दुसरा राउटर पहिला मेला असे समजतो आणि दोघेही मास्टर होतात. मग नेट कधी चालते, कधी अडते. असे दिसले की दोन्ही राउटरवर व्हर्च्युअल पत्ता एकाच वेळी लागला आहे का, ते आधी पाहा.

पायरी ५. ही पायरी कृपा करून गाळू नका. राउटर चालू आहे, लॅनची केबल ठीक आहे, पण त्याची इंटरनेटची लाइन तुटली, तर जाहिराती सुरूच राहतात आणि सगळी रहदारी तिथेच जाऊन अडते. म्हणून ट्रॅक स्क्रिप्ट लावा: दर २ सेकंदांनी इंटरनेटवरच्या पत्त्याला, त्या राउटरच्या स्वतःच्या लाइनवरूनच, एक पिंग; सलग ३ वेळा चुकला तर वजन उणे ६०. १५० चे ९० होतात, १०० वाला पुढे येतो. वजन उणे २० ठेवले तर १३० उरतात आणि काहीच बदलत नाही. ही चूक फार ठिकाणी सापडते.

वजन शून्य ठेवले तर स्क्रिप्ट चुकताच राउटर फॉल्टमध्ये (मास्टर होऊ न शकणाऱ्या अवस्थेत) जातो. तो पिंगचा पत्ताच बंद पडला तर दोन्ही राउटर बाजूला होतात आणि वेगवेगळ्या व्हीलॅनमधली एकमेकांकडे जाणारी रहदारीही थांबते. उणे वजनात एक जण मास्टर राहतोच, म्हणून तेच बरे. नोप्रीएम्प्ट (जास्त प्रायॉरिटीवाल्याने चालू मास्टरला हटवू नये ही सूचना) या मांडणीत वापरू नका: प्रायॉरिटी घसरली तरी बॅकअप जागा घेणार नाही. लाइन वारंवार येते-जाते तिथे पहिल्या राउटरवर प्रीएम्प्ट डिले (मास्टरपद परत घेण्याआधी थांबण्याचा वेळ) ६० सेकंद ठेवा.

पायरी ६. एका संगणकावरून सतत पिंग चालू ठेवून चाचणी घ्या. सेवा नीट थांबवली तर मास्टर जाताना प्रायॉरिटी ० जाहीर करतो आणि बदल सेकंदाच्या आत होतो; त्यावर समाधान मानू नका. वीज काढा. आता बॅकअप तीन जाहिरातींची वाट पाहतो, वर प्रायॉरिटीनुसार थोडा वेळ: १०० ला एकूण सुमारे ३.६ सेकंद. मग इंटरनेटची केबल वेगळी काढून पाहा. यात स्क्रिप्टचा वेळही धरावा लागतो.

नॅट असेल तर चालू व्हिडिओ कॉल आणि डाउनलोड बदलाच्या वेळी तुटतात, कारण जोडण्यांची नोंद जुन्या राउटरकडेच राहते. दोन्ही राउटर एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर जात असतील तर कॉनट्रॅकडी लावून ती नोंद दुसरीकडे पाठवता येते. लाइन दोन वेगळ्या कंपन्यांच्या असतील तर बाहेरचा पत्ताच बदलतो आणि जोडण्या नव्याने कराव्या लागतात.