मुळशीची नोंद कुठल्या वहीत ठेवायची?

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसले तेव्हा माझ्या वह्या विषयवार होत्या. त्यांची शिस्त मुळशी सत्याग्रहापाशी मोडली. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, हा इतिहास. धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात जातं, हा भूगोल. जमिनी १८९४च्या भूसंपादन कायद्याने गेल्या, तो भाग तिसऱ्या वहीत. उजळणीच्या वेळी सगळं एकत्र कधीच हाताशी नसायचं.

आता माझ्याकडे एकच फोल्डर आहे. त्यात साध्या मजकुराच्या फाइली, एका फाइलीत एकच मुद्दा. दुसऱ्या नोंदीचं नाव दुहेरी चौकटी कंसात लिहिलं की दुवा तयार होतो. त्यासाठी मी ऑब्सिडियन हे नोंदींचं अ‍ॅप वापरते, पण त्याच फाइली नोटपॅडमध्येही उघडतात, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. एका ताईंनी प्रेमाने दिलेल्या जुन्या नोट्स युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये होत्या. उघडल्या तर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. इतकी मेहनत, आणि वाचता येईना.

नवीन मुलं दुवे भराभर देतात आणि कारण लिहीत नाहीत. महिन्याभराने तो दुवा का दिला होता तेच आठवत नाही. माझ्या मुळशीच्या नोंदीतली ही ओळ बघा:

[[भूसंपादन कायदा २०१३]]: १८९४च्या कायद्यात जमीनमालकाची संमती लागत नसे, आता खासगी कंपनीसाठी जमीन घेताना किमान ८० टक्के बाधित कुटुंबांची लागते.

कायद्याचं नुसतं नाव लिहिलं असतं तर ही तुलना मला परीक्षेत सुचली नसती. पुढे कोयना धरणग्रस्तांवर लिहिताना २०१३च्या कायद्याची नोंद उघडली, तर तिच्याकडे येणाऱ्या दुव्यांच्या यादीत मुळशी दिसलं. उत्तराची सुरुवात तिथेच मिळाली.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांनी एक अडचण आधीच जाणून घ्यावी. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधला तर माझ्या निम्म्या फाइली सापडतच नव्हत्या. हा ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साध्या र चा पाय मोडून आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. माझा मोबाइल एक लिहायचा, लॅपटॉप दुसरा. फाइलीच्या नावात असं झालं तर दुवाही तुटतो. मी टिंबवाला ऱ पक्का केला आणि सगळ्या फोल्डरमध्ये एकदाच ‘शोधा आणि बदला’ चालवलं. साध्या मजकुरात हे काम पाच मिनिटांचं आहे.

जुन्या वह्या मात्र सगळ्या टाइप करायला बसू नका. मी बसले होते, आणि त्यात पंधरा दिवस वाचन बंद पडलं. एखादी जुनी नोंद लागली की त्या दिवशी तेवढीच उतरवून घ्या.