रामदास बोटीत गेलेल्या आपल्या माणसाचा शोध कसा घ्यावा

आमच्या घरात गटारीला मटण शिजत नाही. सगळ्या आळीत वाटणाचा घमघमाट आणि आमच्या पानात वरणभात. लहानपणी मला वाटायचं, आपण माळकरी असू. मग एरवी बोंबील कसे चालतात, हे विचारायचं मला चाळिशी उलटेपर्यंत सुचलं नाही. विचारलं तेव्हा आत्याने एका वाक्यात सांगितलं: "नाना गटारीला येत व्हता, पोचला नाय."

नाना म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, परळच्या गिरणीत कामाला. १७ जुलै १९४७ ला, गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर बरोबर एकोणतीस दिवसांनी देश स्वतंत्र झाला, आणि ही माणसं त्या गर्दीत कुठल्या कुठे मागे पडली.

मी शिक्षिका होते. निवृत्त झाल्यापासून पोयनाड ते सासवणे या पट्ट्यात या बोटीच्या आठवणी गोळा करते. "आमच्यातलंही कुणीतरी होतं म्हणे, शोधायचं कसं?" असं विचारणारं महिन्याला एखादं तरी भेटतं. दर वेळी पहिल्यापासून सांगून घसा सुकतो, म्हणून लिहून ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे घाई करा. तेव्हा आठ वर्षांचं असलेलं पोर आज पंच्याऐंशी पार केलेलं आहे. कागद दहा वर्षांनीही मिळतील.

दुसरी गोष्ट, बोट कशी बुडाली हे विचारू नका. मी तीच चूक केली होती. रेवसला एका आजींना विचारलं, त्यांनी सांगितलं: लाट आली, माणसं एका अंगाला धावली, बोट पालथी झाली. हे मी वाचलेलं होतं. आजी काही बोटीत नव्हत्या, त्यांनीही ऐकलेलंच सांगितलं. वही मिटून उठताना सहज विचारलं, त्या दिवशी तुमच्या घरी काय शिजलं होतं? आजी पुन्हा खाली बसल्या. म्हणाल्या, काहीच नाही. बाप मासळी घेऊन मुंबईला निघाला होता तो दुपारीच रिकामा परत आला. आई कावली, मासळी विकली नाय, परत आणली नाय, मग गेली कुठं? मग तिला मचव्यातली माणसं दिसली.

रेवसच्या कोळ्यांनी आपली मासळी समुद्रात फेकून पाऊणशे माणसं उचलली, ही जगजाहीर गोष्ट आहे. पण त्या फेकलेल्या मासळीवरून एका घरात भांडण पेटता पेटता थांबलं, ते छापून आलेलं नाही. तेव्हा चूल विचारा, कपडे विचारा, निरोप कोणी आणला ते विचारा, रात्री दाराशी कंदील कोण घेऊन बसलं होतं ते विचारा. मरणाऱ्याबद्दल प्रश्न आला की म्हातारी माणसं पाठ केलेलं बोलतात, घराबद्दल आला की आठवू लागतात.

ध्वनिमुद्रण करायचं तर पंखा बंद करा. माझ्याकडे एका आजोबांचा पाऊण तास आहे, त्यात शेजारची पिठाची गिरणीच जास्त ऐकू येते. ते आता नाहीत.

तारीख तुम्हाला कुणी सांगणार नाही. तिथी सांगतील, आणि त्यावरून वादही घालतील. कुणी अमावास्या म्हणेल, कुणी चौदस. दोघंही बरोबर आहेत. आषाढातली चतुर्दशी त्याच दिवशी संपून अमावास्या लागली होती आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत होती. खरी गंमत पुढे आहे. त्या वर्षी अधिक श्रावण होता. म्हणजे "श्रावणात त्याचे कपडे कंपनीतून आले" असं कुणी म्हणालं तर कुठला श्रावण, अधिक की निज, हे लगेच विचारा, नाहीतर हिशेब महिन्याने चुकतो. १५ ऑगस्टलासुद्धा अधिक श्रावणच चालू होता. तिथी आठवत नसेल तर "झेंडा लागला त्याच्या आधी की नंतर?" हा प्रश्न हमखास चालतो.

तिथी हाताशी आली की पाणीही कळतं. आपल्याकडचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चौदसेची पाऊणपट साडेदहा. म्हणजे बोट निघाली तेव्हा पाणी चढत होतं, आणि तेही उधाणाचं. एका गृहस्थांनी मला छातीठोकपणे सांगितलं होतं की ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर बोट घासली आणि फाटली. मी त्यांच्यासमोर पाऊणकी मांडली. त्यांनी विषय बदलला आणि चहा काही आला नाही. पण वहीत मी त्यांचंही म्हणणं उतरवलंय, पुढे "ऐकीव" असं लिहून. तुम्हीही असा एक रकाना ठेवा. आमच्या भागात कुणी लढाईतला सुरुंग सांगतं, कुणी घातपात सांगतं. हसू नका, खरंही मानू नका. लिहून ठेवा.

बोटींची सरमिसळ हा मोठा घोळ आहे. या किनाऱ्यावर बोटींना संतांची नावं असायची. १९२७ च्या नोव्हेंबरात तुकाराम आणि जयंती या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. घरात "आजोबा बोटीत गेले" एवढंच उरलेलं असतं, कुठली बोट ते नाही. एका कुटुंबाने तर तीन पिढ्या रामदास म्हणून शोक केला. नीट मोजलं तेव्हा त्यांच्या आजोबांचा सगळ्यात धाकटा मुलगा १९२८ मध्ये, बाप गेल्यावर जन्मलेला निघाला. तेव्हा मुलांची वयं आधी लिहून काढा, बोटीचं नाव नंतर.

आता कागद. मृत्यूची नोंद शोधत ग्रामपंचायतीत चकरा मारू नका, निदान सुरुवात तिथून नको. ज्यांचे देह मिळाले नाहीत त्यांची नोंद व्हायची कशी? त्यापेक्षा जमिनीचा माग काढा. माणूस सुटतो, जमिनीवरचं नाव सुटत नाही. वारसांची नावं लागायची तर कधीतरी कुणाला तरी तलाठ्यासमोर सांगावं लागलंच असेल की हा माणूस गेला. फेरफाराची वही म्हणजे गाव नमुना सहा, आणि त्याच्या सोबतची वारस नोंदवही म्हणजे सहा-क. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्या, गट नंबर नव्हे तर जुना सर्व्हे नंबर घालून. आणि १९४७ च्या पानावर काही दिसलं नाही तर निराश होऊ नका. बेपत्ता माणूस मेला असं कायद्याने धरायला सात वर्षं लागत, शिवाय पुष्कळ घरांत आई जिवंत असेपर्यंत कुणी नाव कमी करू देत नसे. नानांची नोंद मला १९५५ सालात सापडली. "रामदास बोटीत बुडून मयत." त्याखाली पणजीचा अंगठा.

दुसरा न सुचणारा कागद शाळेत असतो. बाप गेल्यावर पोरगा शाळेतून काढला जायचा. जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात १९४७ च्या पावसाळ्यात नाव कमी झालेली मुलं बघा आणि कारणाचा रकाना वाचा. मुख्याध्यापकांना आधी भेटा, पेढे नेलेत तर उत्तम.

हे सगळं धुंडाळताना लक्षात ठेवा की तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड नाव १९८१ मध्ये आलं. सूचीत रायगड शोधाल तर हाती काही लागणार नाही. आणि कुलाबा शोधताना मुंबईतलं कुलाबा मध्ये येतं, ते बाजूला काढावं लागतं.

वर्तमानपत्रं मुंबईला. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, या दोन जागांपासून सुरुवात करा. १८ जुलैपासून पुढचे अंक मागा. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, एक लहान मुलगा पोहत मुंबईला पोचला तेव्हा शहराला कळलं. त्यामुळे पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर विसंबू नका. १८ जुलैलाच लंडनमध्ये स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची सही झाली, म्हणून पुढच्या अंकांत आपली बातमी कोपऱ्यात शोधावी लागेल. कुणी तुम्हाला "१९४७ सालचं लोकसत्ताचं कात्रण" दाखवलं तर हात जोडा, लोकसत्ता जानेवारी १९४८ मध्ये निघाला. बहुतेक ते कुठल्या तरी वर्धापनदिनाचं असतं. इंग्रजी पत्रांतल्या नावांचं स्पेलिंग असं असतं की स्वतःचं आडनाव ओळखू येत नाही. मोठ्याने वाचून बघा, ग्रंथपाल रागावले तरी.

किती गेले याच्या आकड्यावर भांडत बसू नका. मीही सुरुवातीला दोन वर्षं त्यात घालवली. आपल्या गावची यादी करा, तेवढंच आपल्या हातात आहे. नाव, घर, मुंबईत काय करत होते, त्या दिवशी कशासाठी येत होते, घरी वाट कोण बघत होतं. माझ्या वहीत आमच्या गावची अकरा नावं आहेत. बारावी ओळ अर्धी आहे: "पेझारीकडची मुलगी, आठ-नऊ वर्षांची, मामासोबत चाललेली." मामाचं नाव आहे, गिरणीही कळली. मुलीचं नाव सांगणारं कुणी भेटलेलं नाही. त्या बाजूच्या कुणाच्या घरात गटारीला काही शिजत नसेल तर आधी तिथे जाऊन विचारा.